बाळंतिणीची डोकेदुखी आणि प्रयोगशाळेतील उंदीर : मेंदूतील नीलांच्या गुठळीचा दोनशे वर्षांचा शोध

२०२१ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत एक अवघड वैद्यकीय नाव एकाएकी जगभरच्या वृत्तपत्रांत झळकू लागले : सेरेब्रल व्हेनस सायनस थ्रॉम्बोसिस. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नीलांमध्ये गुठळी होणे, हा त्याचा साधा अर्थ. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीनंतर अगदी थोड्या व्यक्तींमध्ये हा विकार आढळला आणि युरोपातील काही देशांनी लसीकरण तात्पुरते थांबवले. हीच लस भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने तयार केली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ मध्ये आपल्या तज्ज्ञ समितीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांनुसार कोविशील्डनंतर गुठळीच्या संभाव्य घटना, म्हणजे शरीरात कोठेही झालेल्या, २६ होत्या. दर दहा लाख मात्रांमागे हे प्रमाण ०.६१ इतके होते.

लोकांना नाव नवे वाटले, तरी विकार नवा नव्हता. भारतातील डॉक्टर त्याला कित्येक दशकांपासून ओळखत होते. त्यांना तो दिसत असे तो प्रामुख्याने बाळंतिणीच्या खाटेवर. या विकाराचा इतिहास आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी प्राण्यांमध्ये तो निर्माण करण्याचे प्रयत्न एकत्र वाचले, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. प्रयोगशाळेने गुठळी हुबेहूब घडवायला शिकून घेतले. परंतु ज्या रुग्णाला ती होते, त्या रुग्णाची अवस्था घडवणे बरेचसे राहून गेले.

आधी विकाराचे स्वरूप पाहू. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या धमन्यांपैकी एखादी बंद झाली, की त्या भागाचा पुरवठा तुटतो. हा आपल्या ओळखीचा पक्षाघात. नीलांचे प्रकरण वेगळे आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरील बारीक नीला रक्त गोळा करून कठीण आवरणाच्या घड्यांमधील रुंद मार्गांत सोडतात. या मार्गांना ‘सायनस’ म्हणतात. नाकाजवळच्या हाडांतील पोकळ्यांनाही हेच नाव असल्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो. पण त्या दोहोंचा संबंध केवळ नावापुरता. या मार्गांपैकी एक मोठा मार्ग कपाळापासून डोक्याच्या मधोमध मागच्या बाजूस जातो. सोयीसाठी त्याला आपण ‘मध्य सायनस’ म्हणू. तो तुंबला तर रक्त आत येत राहते, पण बाहेर पडत नाही. दाब वाढतो, मेंदूला सूज येते आणि तुंबलेल्या बारीक नीलांतून रक्त मेंदूच्या ऊतींत झिरपू लागते. एकाच रुग्णाच्या मेंदूत गुठळीही असते आणि रक्तस्रावही. या विकाराच्या उपचाराचे सारे कोडे या जोडगोळीत दडलेले आहे.

१८२५ साली रिब या फ्रेंच वैद्याने ४५ वर्षांच्या एका पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध केले. तीव्र डोकेदुखी, झटके आणि भ्रम यांनी ग्रासलेल्या या कर्करोगग्रस्ताच्या शवविच्छेदनात मध्य सायनसमध्ये गुठळी आढळली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२८ मध्ये, एडिंबरोच्या जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी एका तरुण स्त्रीची हकिकत नोंदवली. तिची प्रसूती सुरळीत पार पडली होती. दोन आठवड्यांनी तिला झटक्यांमागून झटके आले आणि त्यातच ती दगावली. म्हणजे वैद्यकाच्या वाङ्मयात या विकाराचा प्रवेश झाला, त्याच वेळी बाळंतीणही त्यात आली होती.

पुढील शतकभर हा विकार मुख्यतः शवागारातच ओळखला गेला. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या पाहण्याचे साधनच नव्हते. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्रण साध्य केले, पुढे सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आणि नंतर एमआरआय आले. जो विकार केवळ मृतांमध्ये सापडतो तो नेहमी प्राणघातकच वाटणार. साधने आल्यावर कळले, की सौम्य रुग्ण पुष्कळ असतात आणि वेळीच ओळखले तर त्यांतील बरेच बरे होतात. न्यूकॅसलचे मेंदूशल्यविशारद आर. एम. कलबाग आणि ए. एल. वुल्फ यांचा या विकारावरील ग्रंथ १९६७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला, आणि जंतुसंसर्गाविना होणाऱ्या गुठळीकडे वैद्यकाचे लक्ष वळवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

भारतातील चित्र मात्र रुग्णालयांच्या वॉर्डांतूनच स्पष्ट होत गेले. रोहतकच्या बी. सी. बन्सल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये गरोदरपणात व बाळंतपणात तरुण स्त्रियांना होणाऱ्या या नीलाजन्य पक्षाघाताचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदुराईच्या के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये अशा काळातील मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या गुठळ्यांचे १३५ रुग्ण एकत्र मांडले. बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेत डी. नागराज यांच्या गटाने या बाळंतिणींवरील उपचारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पाश्चात्त्य देशांत विरळ होत चाललेले एक दृश्य भारतीय डॉक्टरांसमोर वारंवार येत होते : घरी बाळंत झालेली, रक्त कमी असलेली, तापलेली किंवा शरीरातील पाणी कमी झालेली तरुण स्त्री, आठ-पंधरा दिवसांची डोकेदुखी आणि मग अचानक झटका.

यामागील शरीरशास्त्र समजण्यासारखे आहे. प्रसूतीच्या वेळी रक्त फार वाहून जाऊ नये, म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फायब्रिनोजेन वाढते आणि गोठण्याला आवर घालणारे ‘प्रोटीन एस’ घटते. ही अवस्था प्रसूतीनंतरही सुमारे सहा आठवडे रेंगाळते. निसर्गाने आईच्या रक्षणासाठी केलेल्या या तजविजीत रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि पाण्याची कमतरता यांची भर पडली, की तीच तजवीज उलटू शकते. बाळंतिणीला पाणी मोजून द्यावे, ही देशाच्या अनेक भागांतील जुनी समजूत डॉक्टरांना चिंतेची वाटते ती यामुळेच.

आता उपचाराचे कोडे. गुठळी आहे म्हणून रक्त पातळ करणारे हेपॅरिन द्यावे, तर मेंदूत रक्तस्राव आहे. रक्तस्राव आहे म्हणून हेपॅरिन टाळावे, तर गुठळी पसरते. डॉक्टरांची ही द्विधा अवस्था अनेक दशके टिकली. म्युनिकच्या आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात अवघे २० रुग्ण होते. १० जणांना हेपॅरिन आणि १० जणांना औषधविरहित द्रव. हेपॅरिन घेणाऱ्यांपैकी आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किरकोळ दोष उरला, मृत्यू एकही नाही. दुसऱ्या गटात तिघे दगावले आणि पूर्ण बरा झाला तो एकच. फरक इतका ठळक होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. तथापि हेपॅरिन उपयोगी का पडते, मेंदूत नेमके कोणत्या क्षणी काय बिघडते, याचे उत्तर रुग्णाकडून मिळणे शक्य नव्हते. रुग्ण दाखल होतो तेव्हा गुठळी कित्येक दिवसांची झालेली असते. पहिला तास, पहिली सहा तासांची अवस्था पाहायची तर गुठळी आपण घडवली पाहिजे. प्राणी-प्रतिमानाची, म्हणजे अ‍ॅनिमल मॉडेलची, गरज येथे उभी राहते.

या वाटेवरील एक आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न दोन ब्रिटिश स्त्रियांचा आहे. मेंदूशल्यविशारद डायना बेक आणि विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी रसेल यांनी मध्य सायनसमधील गुठळीवरील आपले प्रयोग १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या आणि पुढच्या काळातील संशोधकांना एका अडचणीने वारंवार गाठले. मुख्य मार्ग दोऱ्याने बांधला किंवा बंद केला, तरी कित्येक प्राण्यांना फारसे काहीच होत नसे. रक्त आडवाटांनी बाहेर पडे आणि प्राणी चालू-फिरू लागे. माणसात इतका भयंकर ठरणारा विकार प्राण्यांत का उमटत नाही, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर जर्मनीतील माइन्झ येथे डुकरांवरील प्रयोगांतून मिळाले. फ्रीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले, की केवळ मध्य सायनस बंद केल्याने डुकराच्या मेंदूला गंभीर इजा होत नाही. परंतु फायब्रिनचा चिकट द्रव वापरून सायनसला मिळणाऱ्या जोडनीला आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील नीलाही बंद केल्या, तर कवटीतील दाब चढतो, सूज येते आणि ऊतींची हानी होते. म्हणजे विकार पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. मोठा मार्ग तुंबणे ही पहिली पायरी आणि गुठळी बारीक नीलांत पसरणे ही घातक पायरी. महामार्ग बंद झाला तरी गल्ल्या मोकळ्या असतील तोवर गाव कोंडले जात नाही; गल्ल्याही तुंबल्या, की मग बाहेर पडायला वाट उरत नाही. हेपॅरिन का उपयोगी पडते, याचाही उलगडा यातून होतो. ते जुनी गुठळी विरघळवत नाही, तिचा गल्ल्यांतील प्रसार रोखते. रक्तस्रावाचे मूळही तुंबलेल्या दाबात असते, त्यामुळे वाट मोकळी राहिली तर तोही आटोक्यात राहण्यास मदत होते.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, माइन्झमध्येच उंगर्सबॉक, हाइमान आणि केम्प्स्की यांनी उंदरांमध्ये हे प्रतिमान घडवले. मध्य सायनस बांधून त्यात केओलिन आणि सेफालिन यांचे, रक्त झटकन गोठवणारे मिश्रण सोडले, की गुठळी शेजारच्या नीलांत पसरे. येथेही सारे उंदीर सारखे वागले नाहीत. काहींच्या मेंदूतील रक्तप्रवाह ढासळला व ऊती मेल्या, काही आडवाटांच्या जोरावर तगले. मानवी रुग्णांतही हेच दिसते, त्यामुळे प्रतिमानातील ही विषमता उपयोगाचीच ठरली. केम्प्स्की यांच्याच प्रयोगशाळेत जपानच्या नाकासे यांनी १९९६ च्या सुमारास आणखी नाजूक पद्धत वापरली. रोझ बेंगाल हे रंगद्रव्य रक्तात सोडायचे आणि निवडक नीलेवर बारीक प्रकाशशलाका टाकायची. प्रकाश पडेल तेथेच गुठळी होते. त्याच वर्षी रोएथर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूचे एमआरआय काढून दाखवले, की पेशींना येणारी आरंभीची सूज गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने काही अंशी परतवता येते. नीलांच्या गुठळीत मेंदूचा सुजलेला भाग मेलेलाच असतो असे नाही, हा दिलासा चिकित्सकांना या प्रयोगाने दिला.

तरीही एक उणीव राहिली होती. सायनस कायमचा बांधून टाकला, तर बरे होण्याची प्रक्रिया अभ्यासता येत नाही. माणसातील गुठळी तर बहुधा हळूहळू विरघळते. गीसेन येथील रॉटगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर मार्ग काढला. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने मध्य सायनसच्या भिंतीला बाहेरून इजा करायची. लोहाच्या क्रियेने आतील अस्तर दुखावते आणि तेथे गुठळी धरते. काही दिवसांत ती आपोआप मोकळी होऊ लागते. बांधणी नाही, परकी वस्तू आत सोडणे नाही आणि पुढचा प्रवासही पाहता येतो. ही पद्धत पुढे अनेक प्रयोगशाळांनी उचलली.

भारतातील प्रयत्नही याच टप्प्यावर दिसतो. लखनऊच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत जयंती कलिता, उषा कांत मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत सायनसची गुठळी निर्माण केली आणि २००९ मध्ये एमआरआयच्या प्रतिमा व ऊतींचे सूक्ष्मदर्शी चित्र एकमेकांशी ताडून प्रसिद्ध केले. ज्या संस्थेच्या वॉर्डात असे रुग्ण येतात, त्याच संस्थेच्या प्राणिगृहात त्यांच्या विकाराचे प्रतिमान उभे राहावे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एमआरआयवरील पांढऱ्या-काळ्या डागांचा अर्थ रुग्णाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. तो अर्थ लावण्याचे काम प्रतिमान करते.

येथवर गुठळी घडवण्याची कला चांगलीच प्रगत झाली. परंतु गुठळी होणे हा शेवट आहे. तिच्यामागची कारणे हा आरंभ. वरील प्रयोगांत कारण नेहमी बाहेरून दिलेले आहे : दोरा, चिकट द्रव, प्रकाश किंवा लोहाचे क्षार. ज्यात ते दिले गेले तो प्राणी तरुण आणि निरोगी होता. कारण आतून येते तेव्हा काय करावे लागते, याचा धडा लशीच्या प्रकरणाने दिला. लशीनंतरच्या गुठळीत ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती रक्तातील बिंबिकांना एका विशिष्ट ग्राहकरेणूमार्फत चेतवतात. हा ग्राहकरेणू साध्या प्रयोगशालेय उंदराच्या बिंबिकांवर नसतोच. अशा उंदरावर कितीही प्रयोग केले, तरी विकार दिसणार नाही. त्यासाठी मानवी ग्राहकरेणू आणि मानवी प्रथिन धारण करणारे, जनुकीय बदल केलेले उंदीर वापरावे लागले. प्रश्न बदलला, म्हणून प्राणीही बदलावा लागला.

भारतातही असे एक उदाहरण आहे. सियाचीनसारख्या अतिउंच प्रदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या जवानांमध्ये नीलांतील गुठळ्या अधिक आढळतात, हे लष्करी डॉक्टरांनी नोंदवले होते. दिल्लीतील संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या डिपास या शरीरक्रियाशास्त्र संस्थेत एम. झेड. अश्रफ यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी उंदरांना कृत्रिमरीत्या विरळ हवेत ठेवले. अपुऱ्या प्राणवायूने बिंबिका अधिक चेतनशील होतात, हे त्यांनी २०१४ मध्ये दाखवले. दाहाशी संबंधित एनएलआरपी३ हे प्रथिनसंकुल नीलांतील गुठळीला हातभार लावते, हे २०१७ मध्ये मांडले. हे प्रयोग शरीरातील मोठ्या नीलेवरचे आहेत, मेंदूतील नव्हेत. पण त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी जवानाची परिस्थिती उंदराभोवती उभी केली आणि मग गुठळीकडे पाहिले.

जवानासाठी जे झाले, ते बाळंतिणीसाठी का होऊ नये? मेंदूतील नीलांच्या ज्या प्रतिमानांचा वर उल्लेख आला, त्यांपैकी एकातही नुकतीच व्यालेली मादी नाही, रक्तक्षय नाही, पाण्याची कमतरता नाही. उंदराची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची असते. त्यामुळे काळाची अडचण फार मोठी नाही. मादी प्राण्यांतील संप्रेरकांच्या चढउतारांमुळे निष्कर्षांत विखुरलेपणा येतो, म्हणून नर वापरावेत, ही जीववैद्यक संशोधनातील जुनी सवय आहे. परंतु या विकारात तोच चढउतार हा अभ्यासाचा विषय आहे. तो वगळला, की प्रतिमान सुबक होते आणि प्रश्न हरवतो.

भारतातील रुग्णही बदलत आहेत. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध केली. तीत पुरुष निम्म्याहून अधिक होते आणि बाळंतपणाशी जोडलेले रुग्ण सुमारे दहांत एक. रक्तक्षय, रक्तातील वाढलेले होमोसिस्टीन आणि मद्यपान ही कारणे ठळकपणे पुढे आली. दवाखान्यातील प्रसूती वाढल्या, काळजी सुधारली, याचे श्रेय द्यायला हवे. पण दहांत एक हे प्रमाणही आपल्या लोकसंख्येत थोडके नाही. शिवाय होमोसिस्टीन आणि रक्तक्षय ही पुन्हा ‘आतली’ कारणे आहेत, म्हणून तीही प्रतिमानात यायला हवीत.

याला नैतिक बाजूही आहे. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांची तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली, आणि २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही मान्यता दिली. पेशींवरील प्रयोग आणि संगणकीय गणिते पुष्कळ काही सांगू शकतील. मात्र मेंदू, कवटीतील दाब, आडवाटांचे जाळे आणि बाळंतिणीचे रक्त यांचा एकत्रित व्यवहार अजून जिवंत शरीरातच पाहावा लागतो. तसे असेल, तर त्या प्राण्याचा जीव योग्य प्रश्नासाठीच खर्ची पडावा, एवढी जबाबदारी संशोधकांवर येते. निरोगी नर उंदरात तीच गुठळी शंभराव्यांदा घडवण्यापेक्षा वॉर्डातील रुग्णाला अनुरूप असे एक प्रतिमान मोलाचे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर दोनशे वर्षांच्या या इतिहासातून प्रत्येक घराने एक गोष्ट उचलावी. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकेदुखी वाढतच जात असेल, उलट्या होत असतील, दृष्टी धूसर होत असेल, हातापायात अशक्तपणा वा झटका आला असेल, तर ‘वारा लागला’, ‘जागरण झाले’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीलाही हेच लागू. आणि बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्यावे.